तंबाखूत चुना का लागतो, आणि मेंदू तंबाखूला कसा धरून बसतो

सावदा-रावेरकडे केळीच्या गाड्या भरणाऱ्या कोणालाही विचारा, "भो, चिमटी टाकल्याशिवाय कामच सुधरत नाही" हेच ऐकायला मिळेल. तो काही उगीच बोलत नाही, त्याच्या डोक्यात खरंच तसं घडत असतं.

तळहातावर तंबाखू घ्यायची, बोटाने चुना लावायचा, अंगठ्याने मळायचं, दोन थापा मारून धूळ उडवायची आणि ओठात धरायची. यातला चुना नुसता चवीला नसतो. चुना अल्कधर्मी, त्यामुळे तंबाखूतल्या निकोटिन या नशेच्या द्रव्याच्या रेणूवरचा विद्युतभार जातो आणि मग ते तोंडाच्या आतल्या पातळ त्वचेतून भराभर रक्तात उतरतं, तिथून मेंदूत. रसायनशास्त्र कोणी शिकवलेलं नसताना जुन्या माणसांना हे बरोबर कळलं होतं, कमाल आहे.

मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचं आपलं स्वतःचं रसायन असतं, त्याच्यासाठी असलेल्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ते रसायन पकडणाऱ्या जागेवर, निकोटिन जाऊन बसतं आणि पुढे डोपामिन सुटतं. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं, मला ते अपुरं वाटतं. स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपिन दिलं, हे आपल्या सर्पगंधेतून मिळणारं औषध, तर ससे निपचित पडले. मग एल-डोपा दिलं, ज्याचं मेंदूत डोपामिन होतं, तर ते उठून हालायला लागले. या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. म्हणजे डोपामिनचं काम उठवायचं, ओढ लावायचं, "हे परत कर" असं शिकवायचं. कोकेन सुटलेलं डोपामिन पेशीत परत जाऊ देत नाही, मेथॲम्फेटामिन हे दुसरं नशेचं द्रव्य तर आतला साठाच बाहेर ढकलतं, म्हणून त्यांची पकड इतकी भयंकर.

रोजच्या निकोटिनने रिसेप्टर बधिर होतात, मेंदू त्यांची संख्या वाढवतो, आणि तंबाखू उतरली की हे सगळे रिकामे रिसेप्टर चिडचिड, बेचैनी, कामात लक्ष न लागणं असं सुरू करतात. पुढची चिमटी मुख्यतः ती बेचैनी घालवते, नवीन ताकद देत नाही, पण माणसाला वाटतं की तंबाखूनेच अंगात जोर आला.

सोडताना पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट जातात, त्यात घरच्यांनी त्याचा राग अंगावर घेऊ नये, नंतर दोन ते चार आठवड्यांत त्रास बराच ओसरतो, आणि मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे.