बाकावरच्या माणसांनी वाढवलेली मंडळी

चर्चची मंडळी वाढावी म्हणून काय करायचं, हा विषय वार्षिक सभेत निघाला की बोलणं हमखास पाळकांवर येतं. पाळक घरभेटीला येत नाहीत, उपदेश लांबतो, तरुणांसाठी काही होत नाही. कोल्हापूरचा मागचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्न आधी आपण बाकावर बसणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. त्याआधी ते अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये होते. पुढे त्या मिशनच्या बोर्डाशी त्यांचं जमलं नाही, काही वर्षं त्यांनी स्वतंत्रपणे काम चालवलं, आणि 1870 मध्ये ते काम अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन मिशनने हाती घेतलं. कोल्हापूरच्या वाइल्डर मेमोरियल चर्चच्या नावात ही आठवण आहे. पण परक्या मुलखातून आलेल्या एका माणसाच्या हातून किती होणार? अनोळखी घराच्या माजघरात त्याला प्रवेशच नसे. तिथे जायची ती बायबल बाई. ती शेजारणीसारखी चुलीजवळ बसे, दुखलंखुपलं ऐके, बायबल वाचून दाखवे. शाळामास्तर आणि गावोगाव हिंडणारे उपदेशक यांचंही तसंच. यातल्या बहुतेकांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

प्रेसबिटेरियन हा शब्दच मुळी ‘वडील’, म्हणजे ज्येष्ठ, या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेला. पाळकाबरोबर सभासदांनी निवडलेले वडील मंडळीचा कारभार पाहतात, ही त्या परंपरेची रीत. म्हणजे सामान्य माणसाचा वाटा ही कुणी वरून दिलेली सवलत नव्हती, पाया तोच होता.

वाइल्डरांच्या घरातलीच एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरात जन्मला. 1886 साली अमेरिकेत माउंट हर्मन इथल्या विद्यार्थी शिबिरात त्याच्या पुढाकाराने शंभर तरुणांनी परदेशी सेवेची तयारी दाखवली आणि त्यातून मोठी विद्यार्थी चळवळ उभी राहिली. नाव रॉबर्टचं झालं. पण शिबिराला निघण्याआधी प्रिन्स्टनच्या घरी या कामासाठी त्याच्याबरोबर प्रार्थनेला बसत होती ती त्याची बहीण ग्रेस. ती ना पाळक होती ना वक्ता. वडील वारल्यावर ती आईबरोबर कोल्हापूर भागात परतली आणि इथेच सेवा करत राहिली.

हे काही कोल्हापुरातच घडलं असं नाही. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत, पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या वधानंतर पांगलेल्या सामान्य विश्वासणाऱ्यांनीच सुवार्ता गावोगाव नेली. जांभळी वस्त्रं विकणाऱ्या लुदियाने आपलं घर उघडलं. तंबू शिवणाऱ्या अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाच्या घरी मंडळी जमायची. आज आपण कुटुंबप्रार्थना म्हणतो ती त्याच मुळाची. संडे स्कूलचा प्रसार झाला तोही इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्स या वर्तमानपत्रवाल्यामुळे. कारखान्यात राबणाऱ्या मुलांना रविवार हा एकच दिवस मोकळा मिळतो, हे त्याने ओळखलं आणि 1780 मध्ये काम सुरू केलं.

महाराष्ट्रात यात भजनाची भर पडली. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ओवी-अभंगाच्या चालींवर ख्रिस्ताला आळवलं. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा ते पद पाठ करून लेकरांना शिकवू शकली. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दार इतकं मोकळं ठेवायचं धाडस आजही किती जण करतील?

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी आणि त्यांचा पैसा कमी होत गेला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अनेक प्रोटेस्टंट पंथांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली आणि जुन्या प्रेसबिटेरियन मंडळ्या तिच्यात आल्या. अर्पण, मंडळीचा कारभार पाहणारी पास्टोरेट कमिटी, महिला मंडळ, छपराची डागडुजी, सगळं सभासदांच्याच खांद्यावर आलं. ओझं जड होतं, आणि घरोघर वर्गणी गोळा करत फिरणाऱ्यांनी ते पेललं.

आता शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला लागलेली कुटुंबं बाहेरगावाहून येतात. पहिल्या रविवारी ती शेवटच्या बाकावर बसतात आणि उपासना संपताच निघून जातात. त्यांच्या शेजारी सरकून बसायचं, खोली कुठे घेतलीय, पोरं कुठल्या शाळेत घातली ते विचारायचं, पुढच्या बुधवारी प्रार्थनेला घरी बोलवायचं. चहा टाकायचा. बायबल बाईने याहून वेगळं काही केलं नव्हतं.