स्कुबा शिकायचं ठरवलंय? एजन्सीच्या आधी शिक्षक बघा

मालवण-तारकर्लीला एकदा पाण्याखाली जाऊन आलेले बरेच नाशिककर आमच्याकडे येतात. मोबाईलमध्ये माशांसोबतचा व्हिडिओ असतो, हातात रंगीत प्रमाणपत्र असतं आणि विचारायचं असतं, 'आता याच्या पुढचा कोर्स कोणता?' आम्हाला आधी हे सांगावं लागतं, की तो कोर्स नव्हताच. त्या डाइव्हमध्ये तुमचा सिलिंडर शिक्षकाने धरलेला असतो. हवा किती उरली, किती खोल जायचं, कधी वर यायचं, हे सगळं तोच बघतो. अनुभव म्हणून तो जरूर घ्या. पण त्या कागदावर कुठलंही डाइव्ह सेंटर तुम्हाला प्रमाणित डायव्हर मानणार नाही.

खरा पहिला कोर्स म्हणजे ओपन वॉटर डायव्हर. थिअरी, तरण तलावातला सराव आणि मग खुल्या पाण्यात किमान 4 डाइव्ह. तो पूर्ण केला की जोडीदारासोबत 18 मीटरपर्यंत जाता येतं. समुद्रातल्या या 4 डाइव्हना किमान 2 दिवस लागतात. 'एका दिवसात कार्ड (प्रमाणपत्र) देतो' असं कोणी म्हणालं, तर तिथून सरळ निघा.

कार्ड देणाऱ्या आंतरराष्ट्रीय एजन्सींपैकी पॅडी की एसएसआय, यावर लोक आठवडे घालवतात. एवढा विचार करायची गरज नाही. पॅडी 1966 सालची, एसएसआय 1970 सालची. दोघांचाही हा कोर्स आयएसओ 24801-2 या एकाच आंतरराष्ट्रीय निकषात बसतो. एकाचं कार्ड दुसऱ्याकडे चालतं, पुढचा कोर्सही एजन्सी बदलून करता येतो. लक्षात घेण्यासारखा फरक इतकाच, की एसएसआयचा शिक्षक त्यांच्या सेंटरमार्फतच शिकवतो, पॅडीचा स्वतंत्रपणेही शिकवू शकतो. म्हणून पॅडीच्या शिक्षकाचा क्रमांक विचारून घ्या आणि पॅडीच्या वेबसाइटवर तपासा. शिकवण्याची परवानगी दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. क्रमांक सांगायला जो शिक्षक कुरकुरतो, त्याच्याकडे शिकू नका.

कोर्स प्रत्यक्ष कोण घेणार, हेही आधीच विचारा. डाइव्हमास्टर, म्हणजे शिक्षकाच्या खालच्या पायरीवरचा व्यावसायिक डायव्हर, मदतीला असू शकतो, पण ओपन वॉटरचा कोर्स तो शिकवू शकत नाही. पॅडीच्या नियमाने खुल्या पाण्यात एका शिक्षकामागे जास्तीत जास्त 8 विद्यार्थी चालतात. आम्ही 4 च्या वर घेत नाही. कोकणच्या समुद्रात अनेकदा दोन-तीन मीटरपलीकडचं दिसत नाही. तिथे आठ जणांवर एकट्याने नजर ठेवणं आम्हाला पटत नाही.

पैसे भरण्याआधी शिक्षकाचा तलावातला एखादा वर्ग काठावर बसून बघा. मास्कमधलं पाणी काढायला तो कसं शिकवतो, तिथे सगळं कळतं. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. चांगला शिक्षक आधी उथळ पाण्यात मास्कमध्ये थोडंसंच पाणी घ्यायला लावतो. मग फ्रेमची वरची कड कपाळाशी दाबायची, मान किंचित वर करायची, नाकाने सावकाश श्वास सोडायचा. जमलं की अर्धा मास्क, मग पूर्ण. विद्यार्थी घाबरून उभा राहिला तर तो थांबतो, पुन्हा करून दाखवतो. 'चला, झालं, पुढचं' म्हणणारा शिक्षक हीच घाई 12 मीटरवर करेल, आणि तिथे उभं राहून तोंड पाण्याबाहेर काढता येत नाही.

वैद्यकीय प्रश्नावली सही करण्यापुरती समोर सरकवली, तर तोही वाईट संकेत. दमा, फिट्स, कानाचं ऑपरेशन, फुफ्फुसाचा जुना आजार, यातलं काहीही असेल तर खरं लिहा आणि डॉक्टरांची लेखी परवानगी आणा. कोर्स हुकेल म्हणून लपवू नका, कळकळीची विनंती आहे.

पोहणं लागतंच. सलग 200 मीटर, म्हणजे 25 मीटरच्या तलावात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 8 वेळा. वेळेचं बंधन नाही. शिवाय 10 मिनिटं तरंगता यायला हवं.

'गंगापूर धरणातच डाइव्ह का नाही घेत?' असं नेहमी विचारलं जातं. ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे आणि तळाचा गाळ हलला की काहीच दिसत नाही. थिअरी आणि तलावाचा भाग मात्र नाशिकमध्ये होतो. तो पूर्ण केल्याचं रेफरल पत्र घेऊन पॅडीच्या विद्यार्थ्याला समुद्रातल्या डाइव्ह 12 महिन्यांच्या आत मालवण, अंदमान किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर दुसऱ्या शिक्षकाकडे करता येतात. पावसाळ्यात कोकणातलं डायव्हिंग बंद असतं, त्यामुळे तलावाचा भाग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकलेला बरा.

फी विचारताना कार्डाचा खर्च, अभ्याससाहित्य, बोट आणि साहित्याचं भाडं त्यात धरलंय का, हे लिहून मागा.

परतीचा बेत आखताना एक गोष्ट सांभाळा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे. डाइव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. तो निघायच्या आत उंचीवर गेलं, तर त्याचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. बरेच जण दुपारी शेवटची डाइव्ह करून लगेच गाडी काढतात आणि संध्याकाळी घाट चढतात. तसं करू नका. रात्री मालवणलाच मुक्काम करा, सकाळी निघा. अनेक डाइव्हनंतर विमानाने यायचं असेल, तर मध्ये किमान 18 तास ठेवा.

आमच्याकडे येताना हे सगळे प्रश्न आम्हालाही विचारा. चष्मा असेल तर नंबर लिहून आणा, नंबरच्या काचांचा मास्क मिळतो.