खड्डा किती खोल, नळी किती जाड

जुनी दुनळी बंदूक हातात आली की बहुतेक जण एकच गोष्ट करतात: ती उघडून, आत काडतूस नाही ना हे बघून, नळ्या उजेडाकडे धरतात आणि डोळा लावतात. चांगल्या नळीत एकात एक अडकवलेल्या बांगड्यांसारखी चकचकीत वर्तुळं दिसतात. गंजलेल्या नळीत ती तुटतात, मध्येच काळे ठिपके येतात. पाहणारा तिथेच निकाल देऊन टाकतो, "गेली ही!" किंवा "घासली की होईल." दोन्ही निकाल घाईचे. काही ठिपके तर खड्डे नसतातच. छर्ऱ्यांचं शिसं आणि छर्ऱ्यांमागच्या प्लॅस्टिकच्या बुचाचा थर नळीला चिकटून तसेच दिसतात. म्हणून आधी ब्रश फिरवावा, मगच मत बनवावं.

खरे खड्डे पडतात ते बहुधा जुन्या काडतुसांमुळे. त्यांच्या टोपीत, म्हणजे घोडा आपटला की दारू पेटवणाऱ्या बुडाच्या छोट्या वाटीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड व्हायचं, म्हणजे आपल्या मिठाचं सख्खं भावंड. काळ्या दारूची राखही अशीच, हवेतला ओलावा ओढून घेणारी. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. जुने शिकारी नळी गरम पाण्याने धुवायचे ते याचसाठी. ज्याने नुसतं तेल लावून बंदूक भिंतीला टेकवली, त्याने मीठ तेलाखाली झाकून ठेवलं.

पुढचं काम खड्डा स्वतःच करतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. ॲल्युमिनियमवरच्या ऑक्साइडसारखा तो खालच्या धातूचं रक्षण करत नाही. खड्ड्याच्या तळाशी ऑक्सिजन कमी आणि काठावर जास्त, त्यामुळे तळ आणि काठ मिळून विजेचा एक इवलासा घट तयार होतो. त्यात झिजतो तो तळ. क्लोराइडचे आयन तिकडेच ओढले जातात, आतला ओलावा आम्लधर्मी होतो आणि खड्डा रुंदीपेक्षा खोलीत वाढतो. वरून टाचणीच्या टोकाएवढा दिसणारा ठिपका आत बराच उतरलेला असू शकतो.

आता दुरुस्तीचा प्रश्न. इथे खड्ड्याच्या खोलीइतकीच, किंबहुना जास्तच, महत्त्वाची आहे खड्ड्याखाली उरलेली नळीची भिंत, म्हणजे तिथल्या धातूची जाडी. १२ बोअरच्या (हे नळीच्या व्यासाचं माप) साध्या काडतुसाचा कमाल दाब आंतरराष्ट्रीय मानकानुसार ७४० बार (इथे बार हे दाबाचं एकक) धरतात, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या तीनशे पटींहून जास्त. हा दाब नळीला आतून फुगवू पाहतो आणि धातूवरचा ताण जाडीच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. समजा भिंत ०.९ मिलिमीटर आहे आणि खड्डा ०.३ मिलिमीटर. उरली ०.६. ताण ढोबळमानाने दीडपट झाला. एकटादुकटा खड्डा असेल तर आजूबाजूचा धातू थोडा भार उचलतो, पण नळीच्या लांबीने खड्ड्यांची रांग लागली असेल तर प्रकरण वाईट, कारण नळी फाटते तीही लांबीनेच.

जागाही बघावी लागते. काडतूस बसतं तिथे दाब सर्वांत जास्त, पण भिंतही जाड. तोंडाकडे भिंत पातळ, पण तिथवर दाब कितीतरी उतरलेला. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मधल्या पट्ट्याची. काडतुसाच्या पुढे वीतभर अंतरात भिंत झपाट्याने पातळ होत जाते, दाब मात्र अजून दमदार असतो. आणि नेम धरताना पुढचा हात नेमका तिथेच असतो.

"मग घासून खड्डे काढून टाकू" ही कल्पना इथे फसते. खड्डा काढता येत नाही, उरलेली सगळी भिंत खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणावी लागते. ०.३ मिलिमीटरचा खड्डा घालवायला सगळीकडून तेवढाच धातू खरवडायचा, म्हणजे १८.५ मिलिमीटरची नळी १९.१ ची झाली. बंदुकांच्या नळ्या मुद्दाम जादा दाबाचा बार उडवून तपासणारी प्रूफ हाऊस असतात. बर्मिंगहॅमचं १८१३ पासून आहे. ब्रिटनमध्ये नळीवर नोंदलेल्या व्यासात ०.२ मिलिमीटरहून जास्त वाढ झाली की त्या तपासणीचा जुना शिक्का बाद ठरतो. नळी आरशासारखी झाली, पण शिक्का गेला आणि सगळी भिंत सर्वांत कमकुवत जागेइतकी पातळ झाली. किरकोळ खड्डे स्वच्छ करून, तेल लावून तसेच ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

बाहेरच्या गंजावर एक सुंदर उपाय आहे: नळी पाण्यात उकळणं. लाल गंजाचं काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होतं आणि त्याचा सुटा थर मऊ तारेच्या ब्रशने निघतो. मुद्दाम हलका गंज चढवून हीच क्रिया पुन्हा पुन्हा करून जुन्या नळ्यांना तो गडद रंग दिला जाई. दुनळीला कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणातलं झटपट ब्लूइंग, म्हणजे तोच गडद रंग घाईने चढवणं, मात्र करू नये. दोन नळ्यांमधली पट्टी कथील-शिशाच्या डाखाने जोडलेली असते, कॉस्टिक तो डाख खातं आणि पट्टीखाली साचून आतून गंज सुरू करतं. पट्टी सुटलेली आहे का हे कळायला नळ्या आकड्याला टांगून हलकी टिचकी मारतात. घंटेसारखा नाद आला तर ठीक, भांडं तडकल्यासारखी खरखर आली तर डाख सुटलाय.

दमास्कस नळ्यांबाबत मी आणखी सावध असतो. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेली ती नळी. तिच्या सांध्यांत घडणीच्या वेळचा मळ अडकलेला असतो आणि गंज त्या वाटेने भिंतीत शिरतो. तिथे वरून मोजलेली जाडीही फसवू शकते.

भिंत फारच पातळ निघाली तर एक मार्ग आहे: मागचा काही इंचांचा तुकडा ठेवून पुढे नव्या नळ्या बसवायच्या आणि पुन्हा प्रूफ करून घ्यायचं. बंदूक पुन्हा चालते, संग्राहक मात्र नाक मुरडतात. हा खर्च करायचा की बंदूक न उडवता जपायची, हे जाडी मोजल्यावर ठरवावं. त्यासाठी भिंतीची जाडी मोजणारा डायल गेज लागतो आणि तो दर इंचाला, नळी फिरवत, चारही बाजूंनी लावावा लागतो. तो आकडा हाती येईपर्यंत त्या नळीत काडतूस घालू नये.