भंगार, गहू आणि फुलब्राइट

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सैन्याचे ट्रक, तंबू, यंत्रसामग्री जगभर पडून होती. ती परत नेणं परवडणारं नव्हतं आणि विकत घ्यायला त्या देशांकडे डॉलर नव्हते. आर्कान्सॉचे सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांनी सप्टेंबर १९४५ मध्ये विधेयक आणलं: माल आहे तिथेच विका, किंमत स्थानिक चलनात घ्या आणि तो पैसा विद्यार्थी-अध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करा. फुलब्राइट स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले. पण त्यांची खरी हुशारी हिशेबात होती. नवा कर नको, तिजोरीतून डॉलर नकोत, मग विरोध करायचा कशाला? १ ऑगस्ट १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी कायद्यावर सही केली आणि फुलब्राइट शिष्यवृत्तीचा पाया घातला गेला.

अडचण पुढे होती. स्थानिक चलनातून प्रवासभाडं निघे, तिथे गेलेल्या अमेरिकी माणसाचा खर्चही भागे. अमेरिकेत आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला मात्र डॉलरच लागत. १९४८ च्या स्मिथ-मुंड्ट कायद्याने अर्थसंकल्पातून तशी तरतूद करण्याची वाट मोकळी झाली. १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याने हे सगळं एकत्र बांधलं.

भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० रोजी. नेहरू आणि अमेरिकी राजदूत लॉय हेंडरसन यांच्या सह्यांनी. आपल्याकडे मात्र युद्धाच्या भंगारापेक्षा धान्याच्या पैशाची गोष्ट मोठी आहे. १९५१ मध्ये अमेरिकेने गव्हासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं आणि त्याच्या व्याजातले ५० लाख डॉलरपर्यंत भारतीय विद्यापीठांसाठी पुस्तकं, उपकरणं आणि अभ्यासकांच्या ये-जा यांवर लावायचं ठरवलं. १९५४ नंतर पीएल-४८० आलं, म्हणजे अमेरिकेचं जादा धान्य स्थानिक चलनात विकण्याचा कायदा. रेशनच्या रांगेत उभं राहून तो लाल गहू आणि मिलो (ज्वारीचा एक प्रकार) घेतलेली पिढी अजून त्याला नावं ठेवते. त्या धान्याची किंमत भारत रुपयांत भरत होता आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यावर इथेच साठत होते.

त्यातूनच १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय भाषांतली पुस्तकं खरेदी करून तिकडच्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. मराठी पुस्तकंही त्यात गेली. अमेरिकेतल्या काही ग्रंथालयांत मराठीचा संग्रह इतका समृद्ध का, याचं एक उत्तर गव्हाच्या पोत्यात आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं भारतातलं पहिलं मुख्यालय पुण्यात, डेक्कन कॉलेजात होतं. पुढे तिलाही या रुपयांचा मोठा आधार मिळाला.

साठलेली रक्कम शेवटी डोईजड झाली. १९७४ मध्ये अमेरिकी राजदूत मॉयनिहन यांनी भारताला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश परत दिला. फुकटचे रुपये संपत गेले तसा वॉशिंग्टनच्या वार्षिक अर्थसंकल्पावरचा भार वाढला आणि राजकारणाचा फटकाही थेट बसू लागला. व्हिएतनाम युद्धावरून फुलब्राइट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याशी भिडले त्या काळातच कार्यक्रमाच्या निधीला मोठी कात्री लागली होती.

भारताने २००८ मध्ये खर्चाचा निम्मा वाटा उचलायचं मान्य केलं. तेव्हापासून शिष्यवृत्ती फुलब्राइट-नेहरू नावाने ओळखली जाते. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या निधीत ९० टक्क्यांहून अधिक कपात सुचवली. त्याच जूनमध्ये, निवडीत राजकीय हस्तक्षेप होत असल्याचा आरोप करत शिष्यवृत्तीच्या निवडीवर देखरेख करणाऱ्या फुलब्राइट मंडळाच्या जवळजवळ सर्व सदस्यांनी राजीनामे दिले.