हवेची गळती वेगळी, इन्सुलेशनची उणीव वेगळी

सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत एसी दिवसभर चालवूनही खोली गार होत नसेल, तर त्याचे खापर बहुधा ‘इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) नाही’ यावरच फोडले जाते. काचेतून येणारे ऊन बाजूला ठेवले, तरी उष्णता दोन वाटांनी आत येते : भिंतीच्या वा स्लॅबच्या अंगातून, आणि फटींतून शिरणाऱ्या हवेबरोबर. पहिल्या वाटेवर इन्सुलेशन लागते, दुसरीवर हवाबंदपणा.

दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत हवेला जवळजवळ वाव देत नाही, पण दुपारभर तापली की उष्णता आत सोडतेच. उलट ग्लासवूल (काचतंतूंची लोकर) उष्णता चांगली अडवते, मात्र त्यातून हवा सहज आरपार जाते. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पफ पॅनेल (फोम भरलेले इन्सुलेशनचे फलक) भरपूर जाड असले, तरी पॅनेलांचा सांधा उघडला किंवा दरवाजाचे रबर निसटले की बाहेरची दमट हवा आत येते, तिच्यातील बाष्प थंडावा देणाऱ्या कॉइलवर बर्फ होऊन साचते आणि डिफ्रॉस्टची, म्हणजे तो बर्फ वितळवण्याची, वीज हकनाक वाढते.

गळती मोजण्यासाठी ‘ब्लोअर डोअर’ चाचणी करतात. खिडक्या बंद करून मुख्य दाराच्या चौकटीत कापडी पडद्यासह पंखा बसवतात आणि आत-बाहेर ५० पास्कलचा, म्हणजे पाण्याच्या सुमारे ५ मिलिमीटर उंचीइतका, दाबफरक राखतात. त्यासाठी ३०० घनमीटरच्या घरातून ताशी ३,००० घनमीटर हवा ओढावी लागली, तर हवा तासाला दहा वेळा बदलली असे म्हणतात. जर्मनीत रुजलेल्या ‘पॅसिव्ह हाउस’ मानकात ही मर्यादा ०.६ आहे. अर्थात हा आकडा चाचणीच्या दाबाचा आहे, एरवीची गळती यापेक्षा बरीच कमी असते. शिवाय इन्सुलेशनबद्दल तो अवाक्षरही सांगत नाही.

पंखा चालू असताना स्लायडिंग खिडकीच्या पट्टीशी किंवा स्विचबोर्डाशी अगरबत्ती धरली, की धूर खोलीच्या आत ढकलला जातो आणि फट सापडते. आत-बाहेरच्या तापमानात पुरेसा फरक असल्यास थर्मल कॅमेरा दोन्ही दोष दाखवतो; फक्त ओळखता आले पाहिजे. इन्सुलेशन नसलेला भाग ठळक कडांचा, पंखा बंद असतानाही तसाच दिसतो, तर गळतीचे पट्टे फटीपासून पिसासारखे पसरतात आणि पंखा लावल्यावर वाढतात.

उघड्या स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर सहसा इन्सुलेशनचा दोष मोठा निघतो, आणि तिथे सिलिकॉनने फटी भरून फारसे हाती लागत नाही. मात्र फटी बुजवायच्याच असतील, तर गॅस गिझरसाठी ठेवलेल्या झरोक्याला हात लावू नये.