एकविसावं गुणसूत्र आणि आईवरचा आळ

डाउन सिंड्रोम, म्हणजे जादाच्या गुणसूत्रामुळे मुलाची वाढ आणि शिकणं मंदावणारी जन्मजात स्थिती, असलेलं बाळ जन्मलं की कुजबुज सुरू होते. आईने गरोदरपणी काय खाल्लं, काय पाहिलं, कुणाची नजर लागली? शिकलेली माणसंही हेच विचारतात, फक्त नजरेच्या जागी मोबाईल आणि मानसिक ताण येतो. मला याचा मनापासून राग येतो, कारण यामागची गुणसूत्रांची चूक बहुतेक वेळा गर्भ राहण्याच्या आधीच घडून गेलेली असते.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या, म्हणजे जनुकं वाहणाऱ्या धाग्यांच्या, 23 जोड्या असतात. स्त्रीबीजात आणि शुक्रपेशीत प्रत्येक जोडीतलं एकेकच उतरायला हवं. डाउन सिंड्रोममध्ये बहुतेक वेळा एकविसाव्या जोडीतली दोन्ही गुणसूत्रं एकाच बीजात जातात, बहुधा स्त्रीबीजात, आणि फलनानंतर ती तीन होतात. 1959 साली फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमों त्युर्पँ यांनी हे जादाचं गुणसूत्र जगापुढे मांडलं.

पण दोन्ही एकत्र जातात कशी? इथे खरी गंमत आहे. मुलगी स्वतः आईच्या पोटात असते, तेव्हाच तिच्या स्त्रीबीजांचं अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) सुरू होतं आणि अर्ध्यात थांबतं. जोडीतली गुणसूत्रं एकमेकांना बिलगतात, तुकड्यांची अदलाबदल करतात आणि तशीच अडकून राहतात. पुढची पायरी येते ते बीज अंडाशयातून बाहेर पडताना, म्हणजे कधी पंधरा वर्षांनी तर कधी चाळीस. तोवर त्यांना धरून ठेवण्याचं काम कोहेसिन नावाच्या कडीसारख्या प्रथिनांचं. या कड्या गर्भावस्थेतच बसतात. नंतर त्यांची भर पडत नाही, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. वर्षं जातात तशा त्या झिजतात. त्यातही अदलाबदल गुणसूत्राच्या अगदी टोकाशी झाली असेल, किंवा झालीच नसेल, तर जोडीची पकड आणखी कच्ची. मग विभाजनात गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणाऱ्या तंतूंना दिशा नीट मिळत नाही आणि दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जातात.

म्हणजे ज्या कड्या सुटल्या, त्या बाळाची आई आजीच्या पोटात असताना बसलेल्या होत्या. गरोदरपणी खाल्लेल्या पदार्थाने किंवा पाहिलेल्या दृश्याने त्या सुटणार कशा? वयाचा संबंध मात्र खरा आहे: पंचविशीत साधारण 1250 जन्मांत 1, चाळिशीत 100 मध्ये 1. तरी अशी अनेक मुलं तरुण मातांनाच होतात, कारण बाळंतपणंच त्या वयात जास्त असतात. सुमारे 3 ते 4 टक्के मुलांत जादाचा भाग दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो आणि तो कधीकधी आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. तिथे जनुकीय सल्ला जरूर घ्यावा.

जादाचं गुणसूत्र काढून टाकणारं औषध आज नाही. ‘बुद्धी वाढवणाऱ्या’ गोळ्या आणि स्टेम सेलच्या जाहिराती पालकांच्या हतबलतेवर पैसा कमावतात. उपाय आहेत ते वेगळेच. जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, तो शस्त्रक्रियेने बऱ्याचदा दुरुस्त होतो. अनेकांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं. मूल ‘ऐकत नाही’ म्हणून ओरडा खातं, तेव्हा त्याला खरोखरच ऐकू येत नसतं. ऐकलेलं लक्षात ठेवणं या मुलांना जड जातं, पाहिलेलं त्या मानाने सोपं. म्हणून वर्गात तोंडी सूचनेसोबत चित्र दाखवलं की तेच मूल काम पूर्ण करतं. नाव विचारलं तर उत्तराला थोडा वेळ द्या. आईने मध्येच उत्तर दिलं की त्याची संधी गेली.

1983 च्या सुमारास अमेरिकेत या व्यक्तींचं सरासरी आयुर्मान 25 वर्षं होतं, आता ते 60 च्या घरात आहे. गुणसूत्रं तीच आहेत. बदलली ती हृदयशस्त्रक्रिया, आणि मुलांना संस्थेत टाकून देण्याची रीत. त्यामुळे नोकरी, मैत्री, स्वतःचं घर हे प्रश्न आता खरे आहेत आणि ते त्या व्यक्तीलाच विचारायला हवेत. अल्झायमर या स्मृती हरवणाऱ्या आजाराशी निगडित एक जनुकही एकविसाव्या गुणसूत्रावरच आहे, त्यामुळे तो आजार त्यांना लवकर गाठतो. तरीही चाळिशी-पन्नाशीत कुणी अबोल झालं, कामं विसरू लागलं, तर ‘त्यांचं असंच असतं’ म्हणून सोडू नये. आधी थायरॉईड, कान आणि नैराश्य तपासून घ्यावं, कारण या तिन्हींवर उपचार आहेत.