जिथे दुखणी जास्त, तिथे डॉक्टर कमी

आरोग्यसेवेच्या विषम वाटपाचा विषय निघाला की 'मुळात डॉक्टरच कमी आहेत' हे कारण आधी पुढे येतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. डॉक्टर गर्दी कुठे करतात आणि कुठे फिरकत नाहीत, हे कोडं शंभर वर्षांहून जुनं आहे.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर ते फार लवकर समोर आलं. विरळ वस्ती, लांबचे रस्ते, मध्ये समुद्र. एका रुग्णाला पाहून येण्यात डॉक्टरचा दिवस जाई आणि त्या रुग्णाकडे फीपुरतेही पैसे नसत. १९१२ मध्ये ड्यूअर समितीने हे चित्र सरकारपुढे मांडलं. पुढच्याच वर्षी त्या भागासाठी वेगळी सेवा उभी राहिली. डॉक्टरचं उत्पन्न आणि प्रवासखर्च यांना सरकारी पैशाचा आधार मिळाला, रुग्णाची फी अगदी कमी ठेवली गेली. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा आली ती १९४८ मध्ये, म्हणजे ३५ वर्षांनी. सेवाभावाची प्रवचनं न देता तिथे राहणं डॉक्टरला परवडेल असं पाहिलं गेलं, हे मला यात सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

अमेरिकेत मात्र सुधारणेनेच दरी वाढवली. वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर निकृष्ट वैद्यकीय महाविद्यालयं बंद पडली. शिक्षणाचा दर्जा सुधारला, पण ते महागलं, लांबलं आणि शहरात एकवटलं. कृष्णवर्णीयांच्या सातपैकी पाच संस्थांना टाळं लागलं. कोण डॉक्टर होणार हे बदललं, तसं डॉक्टर कुठे बसणार हेही बदललं.

१९२० मध्ये ब्रिटनच्या डॉसन अहवालाने प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून मोठ्या रुग्णालयांपर्यंतची उतरंड सुचवली. आराखडा बराच काळ कागदावर राहिला, कल्पना मात्र जगभर गेली.

या दुखण्याला 'व्यस्त सेवेचा नियम' हे नाव मिळालं १९७१ मध्ये. वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की चांगल्या उपचारांची उपलब्धता आणि त्यांची गरज यांचं प्रमाण व्यस्त असतं. आणि सेवा जितकी बाजाराच्या हाती, तितका हा नियम कडक. आरोग्यसेवा मोफत असलेल्या देशातला डॉक्टर हे सांगत होता, हे विसरता कामा नये.

पुढच्याच वर्षी जपानमध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ सुरू झालं. प्रत्येक प्रांतातून विद्यार्थी निवडायचे आणि त्यांनी आपल्या प्रांतात ठरलेली वर्षं काम केलं की फीचं कर्ज माफ. अल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या १९७८ च्या जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवा केंद्रस्थानी आणली. त्यामागे चीनच्या 'अनवाणी डॉक्टरां'चा, म्हणजे थोडक्या प्रशिक्षणावर गावातच उपचार करणाऱ्या गावकऱ्यांचा, अनुभवही होता.

२००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिशेब मांडला: आफ्रिका विभागावर जगातल्या रोगांचा २४ टक्के भार, आरोग्य कर्मचारी ३ टक्के. गावाकडून शहराकडे जाणारी वाट तोवर गरीब देशातून श्रीमंत देशात पोचली होती. २०१० मध्ये परदेशी कर्मचाऱ्यांच्या भरतीसाठी जागतिक आचारसंहिता मंजूर झाली. टंचाई असलेल्या देशांतून मुद्दाम भरती करू नये, असं ती सांगते. ती पाळणं ऐच्छिक आहे.